वाचलेलं आठ दिवसांत उडून जातं, त्याचं काय करायचं?

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून बारावी सायन्सच्या मुलीनं विचारलंय. थोडक्यात तिचं म्हणणं असं: “सर, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता सकाळी सातच्या एसटीनं कॉलेज, मग क्लास, साडेपाचला घरी. बोर्डाची पुस्तकं वेगळी, एनसीईआरटी वेगळं, वर नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे, प्रश्नसंच. अकरावीचा नेफ्रॉनचा, म्हणजे किडनीतल्या गाळणाऱ्या नळीचा, धडा तीनदा वाचला, ओळन्‌ओळ पिवळ्या पेननं रंगवली. आठ दिवसांनी टेस्टमध्ये डोकं कोरं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? नोट्स मराठीत काढू की इंग्रजीत? आणि बाबा विचारतात, रविवारी कापसाच्या वेचणीला येतेस का? जाऊ की नको?”

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

बेटा, स्मरणशक्तीचं आधी मिटवू. तुझ्या एसटीचे सगळे थांबे तुला क्रमानं सांगता येतात. मावशीच्या लग्नात कोण रुसलं होतं तेही आठवत असेल. डोकं ठणठणीत आहे. झालंय असं की नेफ्रॉन डोक्यात टाकायचं काम तू तीनदा केलंस आणि बाहेर काढायचं एकदाही नाही. काढायची पहिली वेळ आली ती थेट टेस्टमध्ये.

तिसऱ्यांदा वाचताना धडा सोपा वाटतो, कारण तो ओळखीचा झालेला असतो. आठवडी बाजारात एखादा चेहरा दिसतो, आपण हसतो, तोही हसतो, आणि घरी आल्यावर आई विचारते ‘कोण होतं?’ तर नाव सांगता येत नाही. रंगवलेल्या ओळींचं तसंच आहे. नीटमध्ये हे जास्त महागात पडतं. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार गुण, चुकलं की एक वजा. अर्धवट ओळख असली की चारही पर्याय ओळखीचे वाटतात, आणि माझी बरीच पोरं नेमकी तिथंच गुण घालवून येतात. अजिबात न वाचलेला प्रश्न ते मुकाट्यानं सोडून तरी देतात.

यावर झालेला एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री ऑटरवरचा. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ५६. म्हणजे वाचल्यावर लगेच जे ‘येतंय, येतंय’ वाटतं ते खोटं नसतं, फक्त त्याची मुदत फार कमी असते.

यात माझाही दोष आहे. पहिली आठ-दहा वर्षं मी वर्गात नोट्स सांगत होतो, पोरं खाली मान घालून उतरवत होती. वर्गात तिसरा येणारा एक मुलगा क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीतल्या श्वसनाचं चक्र, सायट्रिक आम्लापासून ऑक्झॅलोअॅसिटिकपर्यंत घडाघडा म्हणायचा. एकदा सहज विचारलं, ‘आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड येतो कुठून?’ म्हणाला, ‘फुप्फुसातून, सर.’ ज्या चक्राचा पाढा तो रोज म्हणत होता, त्यातूनच तो वायू निघतो हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. तेव्हापासून माझं नोट्स सांगणं बंद झालं.

आता नेफ्रॉनच घेऊ. पुस्तक मिट. पाठकोऱ्या कागदावर ग्लोमेरुलसपासून (रक्त गाळणारा गुच्छ) कलेक्टिंग डक्टपर्यंत (शेवटची नळी) नळी काढ आणि प्रत्येक वळणावर लिही: इथून काय आत जातं, काय बाहेर येतं, आणि का. दहा मिनिटं. अडशील, अडायलाच पाहिजे. बहुतेक जण हेन्लेच्या लूपशी, म्हणजे नळीच्या खाली जाऊन वर येणाऱ्या वळणाशी, अडतात: उतरत्या भागातून पाणी जातं की चढत्या? तिथं थांबायचं, आठवायचा एक प्रामाणिक प्रयत्न करायचा, मग चुकीचं का होईना लिहायचं. त्यानंतर पुस्तक उघडून लाल पेननं फक्त तेवढंच दुरुस्त करायचं: उतरत्या भागातून पाणी निघून जातं, क्षार नाही. चढत्या भागातून क्षार निघतात, पाणी नाही. त्यामुळे वृक्काच्या (किडनीच्या) आतल्या भागाकडे द्रावण ३०० पासून १२०० मिलीऑस्मोलपर्यंत दाट होत जातं. पुढच्या वेळी हा धडा पहिल्या पानापासून वाचायचा नाही, लाल पेनापासून सुरू करायचा.

आकडे पाठ करायचे असतील तर एकमेकांना बांधून कर. मिनिटाला १२५ मिलीलिटर गाळलं जातं. दिवसाची १४४० मिनिटं. गुणाकार कर, १८० लिटर येतात. अंगणात पाण्याचा २०० लिटरचा निळा ड्रम असतो ना, जवळजवळ तेवढं. आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं ९९ टक्के गेलं कुठं? हा प्रश्न पडला की पीसीटी (नळीचा सुरुवातीचा वळणदार भाग), लूप, डीसीटी (लूपनंतरचा वळणदार भाग) यांची कामं आपोआप रांगेत येऊन उभी राहतात. मे महिन्यात वावरातून आल्यावर लघवी कमी आणि गडद पिवळी होते, ते एडीएच या संप्रेरकाचं काम. घामानं पाणी गेलं, रक्त दाट झालं, मेंदूनं एडीएच सोडलं, कलेक्टिंग डक्टनं पाणी परत ओढलं. हे घरच्यांना सांगून बघ. आजीला कळलं तर तुला कळलंय. ‘म्हणजे गं काय?’ असं ती जिथं विचारेल तिथं तुझंच कच्चं आहे.

हे पान पुन्हा कधी काढायचं? तुझ्या बाबांना विचार, पऱ्हाटीला (कपाशीला) डवरे किती मारतात आणि किती दिवसांनी. तीनही डवरे एकाच दिवशी मारून मोकळे का होत नाही, हेही विचार. तण पुन्हा डोकं काढतं तेव्हाच डवऱ्याचा उपयोग. आठवणीचंही तसंच: थोडं विसरायला झालं की ओढून काढायचं, त्या ओढण्यानंच ती घट्ट होते. माझ्या पोरांना मी सांगतो ते अंतर असं: शिकवलं त्याच रात्री एकदा, तिसऱ्या दिवशी, मग दहा दिवसांनी, मग महिन्यानं. यात दोन दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर धड्याचं नाव आणि पुढच्या तारखा लिहून ठेव, झाली की काट मार. दहा दिवसांच्या फेरीला दहा मिनिटं लागतात, महिन्याच्या फेरीला बहुधा पाच. चौथ्यांदा अख्खा धडा वाचायला दोन तास लागले असते. तुझ्याकडे वेळ नाही म्हणतेस, तो इथं आहे.

बारावीतल्या पोरांचं खरं रडगाणं मात्र वेगळं असतं. बारावी चालू असताना अकरावी हातातून निसटते. एनसीईआरटीच्या जीवशास्त्राचे दोन वर्षांचे मिळून ३२ धडे आणि त्यातले १९ अकरावीचे. ‘नंतर रिव्हिजनला बघू’ म्हणून ते बाजूला पडतात, आणि फेब्रुवारीत प्रॅक्टिकल, मग बोर्ड, की थेट मे उजाडतो. अकरावीसाठी मी वेगळा वेळ काढायला सांगत नाही, तो निघत नाही. बारावीच्या प्रत्येक धड्याचे अकरावीत आईबाप असतात. वंशागतीचा रेण्वीय आधार वाचायच्या आधी एक पान बायोमॉलिक्युल्सचं आणि एक पेशीविभाजनाचं, पुस्तक न उघडता. मानवी प्रजननाच्या आधी संप्रेरकांचं. आनुवंशिकतेच्या आधी मिओसिसचं (अर्धसूत्री विभाजनाचं), तेही आकृतीसकट. मेंडेलचे नियम पाठ असलेल्या पोराला मी विचारतो, ‘जनुकांच्या जोड्या वेगळ्या होतात म्हणजे पेशीत नेमकं काय वेगळं होतं? कोणत्या टप्प्यावर?’ अॅनाफेज एक, हे उत्तर ज्याला येतं त्याला दोन्ही धडे आले.

आता आपल्या भागाचा फायदा. नागपूर-लातूरच्या हॉस्टेलात राहणाऱ्या पोरांना जे फक्त चित्रात दिसतं ते तुझ्या बांधावर आहे. आमच्या कॉलेजमागं एकाचं वावर आहे. दर ऑगस्टमध्ये मी त्याला विचारून सोयाबीनची चार-पाच झाडं मुळासकट काढतो. ओढून नाही काढायची, गाठी तुटतात. खुरप्यानं बाजूची माती सैल करून उचलायची आणि बादलीत मूळ हलक्या हातानं धुवायचं. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठं वाटाण्याएवढ्या गाठी असतात. ब्लेडनं एक गाठ मधून कापायची. आत लालसर गुलाबी रंग दिसतो, जसं काही झाडालाच रक्त आलं. पोरं दरवेळी ‘अबे!’ म्हणतात. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंकडे नायट्रोजन पकडायला नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) असतं आणि त्याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून मोकळा ऑक्सिजन धरून ठेवायला हा गुलाबी पहारेकरी. नायट्रोजनच्या एका रेणूला १६ एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी) लागतात, मग एवढी ऊर्जा झाड फुकट का देतं? या प्रश्नातून सहजीवन, श्वसन आणि विकरं हे तिन्ही धडे एका गाठीत येतात. एखादी गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघते. ती म्हातारी झालेली असते, काम थांबलेलं. हा प्रसंग पाहिलेला एकही विद्यार्थी लेगहिमोग्लोबिनचा प्रश्न चुकलेला मला आठवत नाही. आता सोयाबीन निघालं, पण हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झाला की एक झाड काढून बघ.

तसंच बोंडअळीचं. बीटी कापसाला, म्हणजे अळी मारणारं क्राय प्रथिन बनवायचं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, २००२ साली परवानगी मिळाली. अळीच्या आतड्यात आम्लारी वातावरण असतं, त्यात क्राय प्रथिनाचे स्फटिक विरघळतात, विष जागं होतं, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात, अळी मरते. मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडची बोंडं का पोखरली? बियाण्यात जनुक तर होतं. याचं उत्तर जैवतंत्रज्ञानाच्या धड्यात शोधलंस तर सापडणार नाही, ते उत्क्रांतीच्या धड्यात आहे: ज्या थोड्या अळ्यांना विष बाधलं नाही त्या जगल्या, त्यांची पिल्लं वाढली. दोन धडे आणि तुझ्या बाबांचं एक वाईट वर्ष एकत्र बांधलं गेलं की विसरणं अवघड आहे.

त्याच खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तुझ्या ओळखीतही कुणी दवाखान्यात राहिलं असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवतात, त्यामुळे चेतापेशींच्या सांध्यात (सिनॅप्समध्ये) निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलिन मोडलं न जाता साचून राहतं. बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम फुटतो, छाती भरून येते. दवाखान्यात अॅट्रोपीन देतात, ते अॅसिटिलकोलिनची जागा अडवून बसतं. सिनॅप्सचा धडा एवढा डोळ्यांसमोर आणून देणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते वर्गात सांगताना प्रत्येक वेळी मला जड जातं.

नोट्स मराठीत की इंग्रजीत? मी दोन्ही म्हणेन, पण कामं वाटून. कार्यकारणाची साखळी मराठीत मांड, तुझ्या घरच्या मराठीत, ‘पाणी बाहेर जातं म्हणून आतलं दाट होतं’ अशी. संज्ञा मात्र इंग्रजीतलीच, स्पेलिंगसकट. दहावीत तू परासरण, तंतुकणिका, हरितलवक शिकलीस. अकरावीत ऑस्मोसिस, मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट आलं आणि तुला वाटलं हे सगळं नवीन. अर्धं तुला आधीच येत होतं, फक्त नाव बदललं होतं. पहिल्या आठवड्यात एक काम कर: आठवी ते दहावीची विज्ञानाची जुनी पुस्तकं काढ आणि अशा जोड्यांची यादी कर. शंभराच्या पुढं जाईल. ‘विसरण’ म्हणजे डिफ्यूजन हे मात्र नीट लिही. एका पोट्ट्यानं माझ्या वर्गात ‘सर, मला रोज विसरण होते’ म्हणून अख्खा वर्ग हसवला होता. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पण शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात आणि सरावाचं साहित्य बहुतेक इंग्रजीत मिळतं, हे लक्षात घेऊन ठरव.

सुट्या गोष्टींना, म्हणजे प्राण्यांचे संघ, संप्रेरकं आणि त्यांच्या ग्रंथी, आयनांचे रंग वगैरेंना साखळी नसते. त्यांना चिठ्ठ्या. लग्नसराईतल्या पत्रिका जपून ठेव, पाठीमागची कोरी बाजू कापली की छान जाड चिठ्ठी होते. पुढं प्रश्न, मागं उत्तर. चपलांचे तीन खोके: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं ही पद्धत गेल्या शतकात लोकप्रिय केली, मोबाईलवरची कार्डांची अॅप्स त्याच जातीची. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. अख्खी क्रेब्ज सायकल चिठ्ठीवर उतरवणारे बहाद्दर मी पाहिलेत, ते चिठ्ठ्या करण्यातच दमतात. क्रम लक्षात ठेवायला एखादं गमतीचं वाक्य जुळवलंस तरी चालेल, एखादी क्रिया कशी घडते ते मात्र असं पाठ करू नकोस.

भौतिक आणि रसायन माझे विषय नाहीत, तरी एक सांगतो. एकाच प्रकरणाची तीस गणितं सलग सोडवलीस तर पंचविसावं गणित हात सोडवतो, डोकं झोपलेलं असतं. कोणतं सूत्र लावायचं हे तुला आधीच माहीत असतं. पेपरात नेमकं तेच ठरवायचं असतं. म्हणून तीन प्रकरणांची दहा-दहा गणितं पिसून घे. चुका वाढतील, घाबरायचं नाही. २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी असं करून बघितलं: सराव करताना एका प्रकारची सलग गणितं करणारे खूप पुढे होते, आठवड्यानंतरच्या परीक्षेत त्यांना २० टक्के आणि मिसळून करणाऱ्यांना ६३ टक्के पडले. आणि सूत्र आलं की घरातली एक गोष्ट शोध. एप्रिलमध्ये गार हवा देणारा कूलर जुलैत नुसताच भिजका वारा का मारतो, हे बाष्पीभवन आणि आर्द्रतेवरून समजावता आलं तर अप्रकट उष्मा समजला.

व्हिडिओ लेक्चर बघत असशीलच. शिकवणारे चांगले आहेत, माझ्यापेक्षा बरेच चांगले. पण दर दहा मिनिटांनी थांबवून, मोबाईल पालथा ठेवून, काय सांगितलं ते मोठ्यानं बोल. बोलता आलं नाही तर पुढं जाऊ नकोस, मग भले दिवसाला एकच होऊ दे. एसटीत उभ्यानं पुस्तक वाचायची कसरत करू नकोस. सकाळी निघताना चिठोऱ्यावर पाच प्रश्न लिही, उत्तरं नाही. घाटातल्या वळणांवर तेवढेच चघळ, कॉलेजात उतरल्यावर तपास.

झोपेचं शेवटी लिहितोय, पण ते तसं आधीच यायला हवं होतं. शेतीची लाईन रात्रीची, बाबा ओलिताला जातात, घर जागंच, मग तूही दोनपर्यंत बसतेस. अशी घरं मला माहीत आहेत. दिवसभर घेतलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो. चार तास झोपून सातची एसटी पकडणारी मुलगी डिसेंबरपर्यंत ओढते, जानेवारीत आजारी पडते. हे मी दरवर्षी बघतो. साडेदहाला आडवी हो, साडेपाचला ऊठ. रात्रीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत नवीन काही घ्यायचं नाही, त्या दिवशीचं कोरं पान तेवढं काढायचं.

राहिला बाबांचा प्रश्न. वेचणीला जा, अर्धा दिवस. मजूर मिळत नाहीत त्या दिवसांत घरात बसून पुस्तकाकडे बघत राहशील आणि मन वावरात असेल, त्यापेक्षा ते बरं. सकाळी जा, दुपारी जेवून परत ये. धाकटा भाऊ सोबत येत असेल तर लाल पेनचं पान त्याच्या हातात दे. तो शेजारच्या तासात वेचता वेचता वाचून विचारेल, तू सांगायचं. त्याला काही कळलं नाही तरी चालेल, कागदावर आहे तेच ताई बोलतेय का एवढं बघता आलं की पुरे. सुरुवात हेन्लेच्या लूपपासून कर.